उजवं कोपर

पुण्याच्या बाईनं सायकलवरून पडायचं म्हणजे शोभाच झाली की सगळी. कलकत्त्यात हाजरा मोडच्या चौकात, डबलडेकर बसच्या तोंडाशी, साडीसकट आडवी पडले होते तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा हेच आलं. हात मोडलाय हे नंतर कळलं.

चूक माझीच होती. बसवाल्यानं बिचाऱ्यानं करकचून ब्रेक दाबला म्हणून आज हे लिहायला मी आहे. बालीगंजहून मी रोज हाजरा रोडनं यायचे आणि चौकात उजवीकडे, भवानीपूरच्या अंगाला वळायचे. तिथे ट्रामचे रूळ. कलकत्त्यात वाढलेला सायकलवाला रूळ दिसले की हँडल सरळ करतो, आधी रूळ आडवे ओलांडतो आणि मग वळतो. मी आपली लक्ष्मी रोडवर वळावं तशी तिरकी वळायचे. दीड वर्ष तशीच वळत होते आणि काही झालं नव्हतं, त्यामुळे घमेंड चढलेली. हे कितीदा तरी म्हणाले होते, "अगं, रुळांपाशी उतरत जा." त्यावर माझं उत्तर ठरलेलं, "सायकल तेवढी मला शिकवू नका." त्या दिवशी पाऊस पडून गेला होता. पुढचं चाक रुळाच्या खाचेत गेलं आणि मी उजव्या तळहातावर आपटले.

लोक धावत आले. कुणी बसवाल्याच्या अंगावर धावून गेलं, कुणी माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. डोक्याला काही झालेलं नव्हतं, पण ओतलं. "दोष आमार, आमार," चूक माझी, माझी, असं मी ओरडत होते. मला येणारं बंगाली तेवढंच होतं आणि ते नेमकं उपयोगी पडलं. मग दोघांनी मला हातरिक्षात बसवलं आणि इस्पितळात नेलं.

कोपर निखळलं होतं, शिवाय हाडाचा एक टवका उडाला होता. डॉक्टर माझ्याहूनही वयानं लहान असावा. त्यानं हात खेचून जागेवर बसवला आणि प्लॅस्टरमध्ये घातला. तीन आठवडे, म्हणाला. मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो हाच, की मला फळ्यावर लिहिता येईल ना?

कारण सगळं त्या फळ्यावर अडलं होतं. मी भवानीपुरातल्या मुलींच्या एका इंग्रजी शाळेत गणित शिकवत होते. लग्नाआधी पुण्यात माझी पक्की नोकरी होती. ती लग्नात सुटली. मग ह्यांच्या बँकेच्या बदल्या, आणि दर गावात मी नव्यानं तात्पुरती. कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं की मला बोलवायचं, ती बाई परत आली की मी घरी. कलकत्त्यात मात्र निदान पाच-सहा वर्षं हलणार नव्हतो, आणि शाळेच्या मुख्याध्यापिकांनी दुर्गापूजेच्या सुट्टीनंतर मला कायम करायचं कबूल केलं होतं. फक्त डॉक्टरचा दाखला हवा होता, तब्येत ठीक असल्याचा. पडायच्या आधी तो दाखला म्हणजे एक कागद होता. आता त्या कागदावर लिहावं लागणार होतं की बाईंचा उजवा हात काम करतो. फळा उंच होता. वरपासून लिहिलं नाही तर मागच्या बाकांवरच्या मुलींना दिसत नसे.

घरी आले आणि मग कळलं, की उजव्या हाताशिवाय बाईमाणसाला काहीच करता येत नाही. निऱ्या घालता येईनात, वेणी घालता येईना. कुंकू लावायला डावा हात नेला तर ते भुवईच्या वर कुठेतरी जायचं. ह्यांनी दोनदा लावून दिलं, दोन्ही वेळा रुपयाएवढं. एकदा वेणी घालायचाही प्रयत्न केला. पार दोरखंड वळल्यासारखी वेणी. मी हसले आणि मग तशीच बसून रडले. ऑगस्टचा उकाडा, त्यात रोज दोन-दोन तास वीज गायब, आणि प्लॅस्टरच्या आत खाज. विणायची सुई आत घालून खाजवत बसायचे. दुपार सरता सरायची नाही.

ह्यांनी साताऱ्याला तार केली आणि सासूबाई आल्या.

त्या येतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि आमचं दोघींचं बोलणं म्हणजे वाढू का, पुरे, इतपतच. मला बघायला आल्या त्या दिवशी मी शाळेतून सायकल दामटत घरी पोचले होते, घामानं निथळत, आणि तशीच त्यांच्यासमोर जाऊन बसले होते. मुलगी सायकलीवरून आली हे त्यांनी पोटात ठेवलं. भांडण कधी केलं नाही, ते त्यांच्यात नव्हतंच. पण दर महिन्याला पत्र यायचं ते मुलाला, आणि शेवटी एक ओळ, 'चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.' मीही कमी नव्हते. ह्यांच्या पत्राच्या तळाशी 'सौ.चा शि. सा. नमस्कार' एवढंच लिहायचे. दोघीही अगदी बरोबरीच्या.

दोन रात्रींचा प्रवास करून, एकट्या, पत्र्याची ट्रंक आणि पितळी डबा घेऊन त्या हावड्याला उतरल्या. माझी खात्रीच होती. आता सायकलीवरून ऐकावं लागणार, मी उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं, प्लॅस्टरकडे बघितलं आणि म्हणाल्या, "केस किती गुंतलेत. बस खाली." बस्स. सायकलीचं नावसुद्धा काढलं नाही. तयार ठेवलेल्या उत्तरांचं काय करायचं ते मला कळेना.

तीन आठवड्यांनी प्लॅस्टर काढायला गेलो. हे बरोबर होते. प्लॅस्टर निघालं आणि आतून हात निघाला तो माझा वाटेना. बारीक, पांढुरका, साल निघालेला. कोपर काटकोनात होतं आणि तिथून जेमतेम दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे हलत होतं. हे बाहेर रिक्षा बघायला गेले, आणि तेवढ्यात डॉक्टरनं मला सगळं समजावून सांगितलं. त्याच्या त्या बंगाली वळणाच्या हिंदीत, बोट उगारून, "मालिश एकदम नेही. तेल नेही, सेक नेही. दूसरा कोई हाथ नेही लगाएगा. आप खुद धीरे धीरे मोड़ेगा." कोपराला चोळलं, ताणलं तर तिथे स्नायूत नवं हाड धरतं, असंही म्हणाला. मी मान डोलवली. कळलं नाही असं म्हणायला मला जागाच नाही. मी गणिताची बाई, सांगितलेलं नीट ऐकायची सवय आहे मला.

घरी आले तर सासूबाईंनी तेल तयार ठेवलं होतं. साताऱ्याहून आणलेलं तिळाचं तेल, त्यात ओवा आणि लसूण घालून कडकडवलेलं. त्यांच्या आळीत बाळ-बाळंतिणीला तेल लावायला त्यांनाच बोलवायचे, हे मला ऐकून माहीत होतं. पाट मांडला होता, जुनं लुगडं अंथरलं होतं. "ये," म्हणाल्या. "तीन आठवडे कोंडला होता बिचारा. त्याला जरा मोकळं करू."

तेव्हाच सांगायचं होतं. एक वाक्य होतं, आई, डॉक्टर नको म्हणालेत. पण त्यांनी माझा हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला होता. लग्नात ओटी भरली ती आणि आता वेणी घालून द्यायच्या ती सोडली तर त्या बाईनं मला कधी हात लावला नव्हता. मी म्हटलं, आजच्या दिवस लावू दे, उद्या सांगू.

उद्या काही सांगितलं नाही. परवाही नाही.

रोज सकाळी हे बँकेत गेले की पाट मांडला जायचा, आणि पुन्हा चहाच्या आधी. आधी शेक, मग तेल, मग त्या कोपर धरून वाकवायच्या. "एक म्हण," म्हणायच्या. मी एक म्हणायचे. "दोन म्हण." दोनला जीव जायचा. मी ओठ चावून बसायचे आणि त्या बोलत राहायच्या. माझं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून बोलत असतील, पण बोलायच्या. ते बोलणं मी ह्या घरात कधी ऐकलं नव्हतं. सासरे तापट होते, ताट भिरकावायचे, ते सांगितलं. आणि एकदा शेकाचं फडकं तव्यावर गरम करता करता पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ह्याच्या आधी मला एक मुलगी होती. अकरा महिन्यांची गेली. तिला मी असंच तेल लावायची." ही गोष्ट ह्यांनासुद्धा ठाऊक नव्हती. त्या वळल्या, फडकं कोपरावर ठेवलं, आणि म्हणाल्या, "तुझं कोपर किती बारीक आहे गं."

आता कुणी म्हणेल, शिकलेली बाई आणि इतकी कशी बावळट. म्हणा. मी स्वतःला रोज काहीतरी पटवायचे. डॉक्टर पोरगेला आहे. डॉक्टर लोक सगळ्यांनाच तेल नको म्हणतात. त्यांना आपल्या तेलातलं काय कळतं. शेक झाला की तासभर हात खरंच हलका वाटायचा, मग मी म्हणायचे, बघ, बरं वाटतंय की नाही? संध्याकाळी कोपर सुजायचं. त्यावर पदर घ्यायचा आणि मुकाट बसायचं. थकवाही इतका होता, की एखादी गोष्ट एकदा चुकीची चालू झाली की ती थांबवायला लागणारं बळच अंगात नव्हतं. खरं कारण मात्र थकवा नव्हतं. मी सकाळची वाट बघायचे. मला चक्क सकाळची वाट बघायची सवय लागली होती.

मुख्याध्यापिका एकदा संदेश मिठाईचा डबा घेऊन भेटायला आल्या. चांगली बाई होती. म्हणाल्या, "जागा मी पूजेपर्यंत धरून ठेवते. त्याच्यापुढे कमिटी ऐकणार नाही. दाखला घेऊन या." सासूबाईंना मी ते मराठीत सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून दोनाऐवजी तीनदा तेल लावायला लागल्या. "तुझी नोकरी जाता कामा नये," म्हणाल्या. माझी नोकरी! ह्या बाईनं माझ्या नोकरीचा उल्लेख चार वर्षांत केला नव्हता. मला तेव्हा गप्प राहायला काय झालं होतं, ते मला आजही सांगता येत नाही. राग येतो तो त्याच दिवसाचा येतो.

सप्टेंबर संपत आला. गल्लीच्या तोंडाशी पूजेच्या मांडवाचे बांबू रोवले गेले. माझी दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे होती, ती एक-एक झाली. कोपराच्या पुढच्या बाजूला आत काहीतरी टणक लागायला लागलं. सासूबाईंच्या बोटांना ते माझ्याआधी लागलं असणार. त्या म्हणाल्या, "गाठ आहे, चोळून विरघळेल." ह्यांनी विचारलं, "डॉक्टरला दाखवायचं का?" मी म्हटलं, "दाखवायचंच आहे पूजेच्या आधी, दाखल्यासाठी." कपाटाच्या वरच्या फळीकडे हात नेऊन बघायचे मी, कुणी नसताना. हात छातीच्या वर जायचा, पण कोपर उघडायचंच नाही. मग खांदा वर खेचून, टाचा उचलून बघायचे. फळीखाली वीतभर अंतर राहायचं.

दाखवायला जायच्या दिवशी ह्यांच्या बँकेत ऑडिट होतं. सासूबाई म्हणाल्या, "मी येते." स्वच्छ नऊवारी, डोक्यावर पदर, आणि पिशवीत पाण्याचा तांब्या. हातरिक्षात बसायला त्यांना आवडायचं नाही. माणसानं माणसाला ओढायचं म्हणजे काय, म्हणायच्या. पण माझा हात ट्रामच्या गर्दीत चेंगरेल म्हणून बसल्या, आणि उतरेपर्यंत मान खाली घालून होत्या.

एक्स-रे काढला. डॉक्टरनं तो ओला फोटो खिडकीकडे धरला. कोपराच्या पुढे, जिथे काळं असायला हवं तिथे, पांढरं होतं. मला विचारायची गरज नव्हती. त्यानं माझा हात धरला, वाकवायला गेला, सोडून दिला. मग नाकाशी नेला. लसणीचा वास काही लपत नाही.

"मालिश किसने किया?"

"किसीने नहीं," मी म्हटलं.

त्यानं फोटो टेबलावर आपटला. आरडाओरडा करणारा माणूस नव्हता तो, पण त्या दिवशी चिडला. मी सांगितलं होतं की नाही, म्हणाला. समोर बसवून सांगितलं होतं, मालिश नको, सेक नको. आता इथे हाड धरलंय. हे कोपर आता असंच राहणार. वर्षभरानं हाड पिकलं की ऑपरेशन करून बघता येईल, पण खात्री कोण देणार? दाखला मी देऊ शकत नाही.

हे सगळं तो हिंदीत बोलला. सासूबाईंना हिंदी येत नाही असं मी धरून चालले होते. त्या माझ्या मागे उभ्या होत्या. पुढे आल्या, टेबलाला हात टेकवला आणि म्हणाल्या, "मैंने किया. उसका कसूर नाही. मैंने किया, दिन में तीन बार."

डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिला. मग खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

बाहेर व्हरांड्यात लाकडी बाक होतं, तिथे आम्ही बसलो. समोर कुणी प्लॅस्टर घातलेलं मूल रडत होतं, त्याची आई त्याला वारा घालत होती. मला नोकरीचं वाईट वाटत होतं का, हाताचं, काही कळत नव्हतं. फार दमले होते मी. त्या जागेवर पूजेनंतर दुसऱ्या बाई आल्या आणि मी पुढची सात वर्षं घरी शिकवण्या घेतल्या, खाली बसून, पाटीवर. पण ते पुढचं. तेव्हा मी नुसती कोपर मांडीवर ठेवून बसले होते.

"डॉक्टरनं तुला आधी सांगितलं होतं?" सासूबाईंनी विचारलं.

"हो."

"कधी?"

"प्लॅस्टर काढलं त्याच दिवशी."

"त्याच दिवशी. आणि मी सहा आठवडे..." त्यांनी पदरानं तोंड पुसलं, तांब्यातलं पाणी प्यायल्या. मग माझ्याकडे वळल्या. त्यांचा आवाज चढलेला मी त्या एकाच वेळी ऐकला. "अगं मग बोलली का नाहीस? एरवी तर एवढी तोंडाळ आहेस! माझ्या हातानं करवून घेतलंस हे? मी काय खाऊन टाकणार होते तुला?"

मी खोटं बोलू शकले असते. थकव्याचं सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं. पण डॉक्टरसमोर एकदा खोटं बोलून झालं होतं आणि त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

"तुम्ही माझ्याजवळ बसत होतात," मी म्हटलं. "नको म्हटलं असतं तर उठून गेला असतात."

समोरच्या मुलाला आत बोलावलं, त्याची आई त्याला उचलून घेऊन गेली. मग सासूबाईंनी माझं कोपर हातात घेतलं. चोळलं नाही, दाबलं नाही, नुसतं धरलं.

"अगं," त्या म्हणाल्या, "नुसतं 'बसा' म्हणाली असतीस, तरी बसले असते मी."

खरं होतं. चार वर्षांत मी त्यांना एकदाही तसं म्हटलं नव्हतं.